बागेकडे पाठ

“सिदोपंत कधी चुकले असतील का हो, अक्का?”

बागेच्या फाटकाला एका हाताने धरून अक्का तळपायात रुतलेला काटा काढत होत्या.

“मी विचारत होतो, सिदोपंत...”

“ऐकलं मी. पण काट्यानं आधी विचारलंय.”

विश्वंभरचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तासगिरी संस्थानाचा तो नवा दिवाण. कायदा शिकलेला, चार भाषा येणारा, आणि चारही भाषांत स्वतःशी वाद घालणारा. उद्या सकाळी त्याला आपला पहिला मोठा हुकूम काढायचा होता. गावाच्या वरच्या अंगाला तलाव बांधला, तर तासगिरीचा उन्हाळा सुसह्य होणार होता. आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीने घागर भरणाऱ्या बाया त्याने लहानपणापासून पाहिल्या होत्या. पण त्याच तलावाखाली कुंभारवस्ती जाणार होती. घरं, मडकी भाजायचे आवे, देवीचं ठाणं... सगळंच.

मसुदा लिहावा, वाचावा, फाडावा, असं त्याचं कितीतरी दिवस चाललं होतं. शेवटी आज उजाडताच तो टेकडीवरच्या मठात गेला. मठात अक्का एकट्याच राहत. तो पोरगा होता तेव्हाही त्या म्हाताऱ्याच होत्या. संस्थानात कुणाचं काही अडलं, की लोक त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. अक्का हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, आणि आपण सुटू, असं त्याला वाटलं होतं.

अक्का म्हणाल्या होत्या, “चल, सिदोपंतांची बाग बघून येऊ.”

सिदोपंत हे शंभर वर्षांपूर्वीचे दिवाण. त्यांच्या न्यायाची संस्थानात आजही शपथ घेत. त्यांचं घर आणि बाग दरबारने जशीच्या तशी राखली होती. विश्वंभरला बरं वाटलं. एका मोठ्या माणसाच्या सावलीत आपल्यालाही काही सुचेल...

काटा निघाला. अक्कांनी तो उन्हात धरून पाहिला, बांधापलीकडे टाकला आणि काठी टेकत त्या आत शिरल्या.

विश्वंभर सांगू लागला. त्याला राहवेना. डोंगरावरच्या टाक्यातून खापरी नळाने पाणी कसं आणलं. कारंजी मोटेशिवाय कशी उडतात. डाळिंबाची रोपं कुठून मागवली. सिदोपंतांच्या घरात शिरल्यावर तर त्याचा आवाजही बदलला. ही त्यांची बैठक. हा दप्तरखाना. ही झोपायची खोली, केवढीशी बघा! संस्थान हलवणारा माणूस आणि अंथरूण घोंगडीचं.

अक्का सगळं ऐकत होत्या. घर पाहून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं,

“स्वयंपाकघर कुठंय?”

“ते... पडलं असावं. कागदोपत्री उल्लेख नाही.”

“म्हणजे जेवत नव्हते?”

“अक्का, तुम्ही चेष्टा करता.”

“तुला एवढं सगळं ठाऊक आहे. मग मला कशाला घेऊन आलास?”

“तुम्ही मला घेऊन आलात!”

“हो का?” अक्का म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

बागेच्या मध्यावर जुना बकुळ होता. त्याच्या सावलीत एक दगडी आसन होतं. पाठीवर कमळाची नक्षी, हात टेकायला जागा. पायाशी कारंज्यांच्या पाण्याचा पाट झुळझुळत होता. आसनावर पितळी पाटी होती: ‘दिवाण सिदोपंत यांचें न्यायासन’.

“पाटी कुणी लावली?” अक्कांनी विचारलं.

“मीच. नायब दिवाण होतो तेव्हा.”

“अक्षर छान आहे.”

विश्वंभर संकोचला. मग हळूच म्हणाला, “अक्का... बसू का मी इथं? क्षणभर?”

“बस की.”

तो बसला. समोर सगळी बाग उलगडली. कारंज्यांचे तुषार, डाळिंबाची लाल फुलं, पाण्यात हलणारं आभाळ. त्याने डोळे मिटले.

“इथं बसल्यावर न्याय सुचणारच,” तो म्हणाला. “माणूस कसा शांत होतो...”

त्याने डोळे उघडले.

अक्का समोर बसल्या होत्या. दहाबारा हातांवर सावलीबाहेर एक ओबडधोबड दगड होता. ना नक्षी, ना पाठ. त्यावर त्या बसल्या होत्या. बाग त्यांच्या पाठीमागे राहिली होती. सकाळचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं होतं, आणि चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजता आली असती.

“अक्का, उन्हात कशाला? या, इथं बसा. मी उठतो.”

“उठू नकोस. तिथं माझी आजी बसली होती.”

“सिदोपंतांच्या आसनावर?”

“ते सिदोपंतांचं नव्हे रे. ते फिर्यादीचं. सिदोपंत इथं बसायचे.”

विश्वंभरने पाटीकडे पाहिलं. मग दगडाकडे. मग पुन्हा पाटीकडे.

“पण... हा दगड तर...”

“बस म्हटल्यावर सगळे तिथंच बसतात. तू पहिला नाहीस.”

पाट झुळझुळत राहिला.

“सिदोपंतांची एक रीत होती,” अक्का म्हणाल्या. “जिंकणाऱ्याला निकाल कारकून सांगायचा. हरणाऱ्याला मात्र ते स्वतः सांगायचे. हुकूम लिहायच्या आधी, इथं बोलावून. सकाळच्या वेळी.”

“तुमच्या आजी... हरल्या?”

“आजीचा पानमळा होता. तासगिरीत पाणी आणायला सिदोपंतांनी पाट आखला, तो बरोबर मळ्यातून. आजी तिथं बसली आणि सूर्य डोक्यावर येईतो बोलत होती. मळ्याबद्दल बोलली, नवऱ्याबद्दल बोलली, सिदोपंतांच्या आईबद्दलही काय काय बोलली.”

“आणि ते?”

“ऐकत होते. आजी सांगायची, मेल्याच्या तोंडावर ऊन होतं. पापणी लवली तरी मला कळत होतं. लाज वाटली ती दिसली. खोटं बोलावंसं वाटलं तेही दिसलं. बोलला मात्र नाही खोटं. म्हणाला, बाई, तुझा मळा जाईल.”

विश्वंभर पुढे सरकला. “आणि मळा गेला.”

“गेला.”

“पण गावाला पाणी...”

“पुढं खडक लागला. पाट आलाच नाही.”

विश्वंभर बघतच राहिला. अर्धवट सोडलेला तो पाट गावाबाहेर आजही दिसत असे. लढाईमुळे काम थांबलं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. कुठेतरी लिहिलंही होतं.

“म्हणजे सिदोपंत चुकले.”

“चुकले.”

“आणि तरी लोक त्यांची शपथ घेतात...”

अक्कांनी डोळ्यांत आलेलं पाणी पदराने पुसलं. उन्हाने आलं होतं की कशाने, कळायला मार्ग नव्हता.

“खडक लागला त्या दिवशी ते आजीच्या दारात आले. म्हणाले, तुझा मळा फुकट गेला, बाई. माझ्यामुळं. आजीनं दार लावून घेतलं. ते बाहेर पायरीवर बसले. दिवस कलल्यावर उठून गेले.”

“आजींनी क्षमा केली त्यांना?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“मरेपर्यंत शिव्या घातल्या. पण दुसरं कुणी त्यांना शिव्या घालू लागलं, की हिला खपायचं नाही.”

विश्वंभर हसला नाही. त्याच्या कपाळावर, सावलीतही, घाम आला होता.

“अक्का, मला साधं उत्तर द्या. तलाव बांधू की नको?”

“हुकूम कोण सांगणार आहे वस्तीला?”

“दवंडी पिटतील उद्या.”

“आणि तू?”

“मी... उद्या दौऱ्यावर निघतो आहे. आधीच ठरलेलं होतं. म्हणजे... तसं ठरवलं.”

अक्का उठल्या. काठी टेकत आसनापाशी आल्या. विश्वंभर घाईने उभा राहिला. त्या त्याच्या जागी, कमळाच्या नक्षीला पाठ लावून, ऐसपैस बसल्या.

“बरं आहे की हे,” त्या म्हणाल्या. “जा. तिकडं बस.”

“अक्का, माझी काय योग्यता...”

“योग्यता कोण विचारतंय? बस.”

तो दगडावर बसला. दगड तापला होता. ऊन डोळ्यांत घुसलं. समोरच्या सावलीत अक्का नुसत्या एका आकृतीसारख्या दिसत होत्या.

आणि त्या आकृतीचा आवाज बदलला.

“सरकार, मी कुंभारवस्तीतली. कशाला बोलावलं आम्हांला?”

अक्कांच्या तोंडून ‘सरकार’ ऐकून तो शहारला.

“अक्का, नको ना...”

“काय म्हणालात, सरकार?”

विश्वंभरने घसा खाकरला. “त्याचं असं आहे... समग्र लोकहिताचा साकल्याने विचार करता, आणि पर्यायी योजनांची व्यवहार्यता तपासून पाहता, दरबार अशा निष्कर्षाप्रत...”

“मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही.”

“लोकहिताचा साकल्याने...”

“ऐकू येतंय आता. कळत नाही.”

उन्हाने डोळे चुरचुरू लागले. त्याने कपाळाशी हात नेला आणि डोळ्यांवर सावली धरली.

काठी आली आणि त्याच्या मनगटावर बसली. अक्का एवढ्या चपळाईने उठतील, असं त्याला वाटलं नव्हतं.

“हात खाली.”

“अक्का, डोळ्यांवर ऊन येतं...”

“येऊ दे.”

त्या पुन्हा जाऊन बसल्या. तो हात मांडीवर ठेवून बसला. मनगट झोंबत होतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्याला धाडस होईना.

...

“तुमची वस्ती पाण्याखाली जाईल,” तो म्हणाला.

“कुणी ठरवलं?”

“दरबारने...”

“कुणी?”

“मी.”

समोरची आकृती हलली नाही.

“मग आम्ही जायचं कुठं?”

“माळावर जागा दिली आहे. घरामागे मोजून दिली आहे. मोफत.” हे त्याला पाठ होतं. त्याचा आवाज जरा चढला.

“माळावरच्या मातीचं मडकं होतं का, सरकार?”

विश्वंभरने तोंड उघडलं. मोजणीचे नकाशे त्याला आठवले. जमिनीचा चढउतार, रस्त्याचं अंतर, सावकाराचा दावा नसल्याचा दाखला... सगळं आठवलं. माती कुणी पाहिली नव्हती. पाहायला पाहिजे, हेही कुणाला सुचलं नव्हतं. त्याला सुचलं नव्हतं.

“मला... ठाऊक नाही.”

“काय?”

“ठाऊक नाही मला!” तो ओरडला. बकुळावरचे साळुंक्यांचे आवाज एकदम थांबले.



मग विश्वंभर हळू म्हणाला, “विचारलंच नाही मी त्यांना. मी सगळं वाचलं, अक्का. विचारलं नाही.”

“हं.”

“म्हणजे तलाव बांधू नये?”

“असं कधी म्हटलं मी?”

“मग बांधावा?”

“असं तरी कधी म्हटलं?”

“मग मी करू काय?” त्याचा आवाज चिरकला. “तलाव बांधला आणि चुकला तर वस्ती बुडवल्याचं पाप माझं. नाही बांधला तर गावातल्या बाया पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विहिरीत उतरतील. एखादी वर येणार नाही, आणि तेही पाप माझंच. मला झोप लागत नाही हो. तुम्ही नुसतं एक अक्षर बोला. मी निमूट तसं करीन.”

“आणि चुकलं, तर म्हणशील अक्कांनी सांगितलं.”

विश्वंभरने मान खाली घातली.

ऊन आता चांगलंच चढलं होतं. तो दगडावरून उठला नाही. हळूहळू त्याने मान वर केली. डोळे बारीक झाले होते, गाल ओले होते, पण ते त्याने पुसले नाहीत. समोरच्या सावलीकडे तो सरळ बघत होता.

“दवंडी थांबवतो,” तो म्हणाला. “दौराही रद्द करतो. वस्तीवर मी स्वतः जाईन. मातीचं विचारीन. ते काय म्हणतात ते ऐकेन. आणि मग, जे ठरेल ते... जे मी ठरवीन ते, त्यांना मीच सांगेन.”

अक्कांनी काठी उचलून हातात घेतली.

“शिव्या देतील ते.”

“देतील.”

“दार लावून घेतील.”

“घेतील एखादवेळ.”

विश्वंभर उठला. त्याने अक्कांना हात दिला. दोघं फाटकाकडे चालू लागले. बागेतल्या सावल्या आखडून झाडांच्या बुंध्याशी आल्या होत्या. बाहेर रस्ता पांढराफटक तापलेला होता. त्याच रस्त्याने खाली उतरलं, की ओढ्यापलीकडे कुंभारवस्ती. एका आव्याचा धूर इथूनही दिसत होता.

विश्वंभर फाटकात थांबला. त्याने खांद्यावरचं उपरणं काढून डोक्यावर घेतलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

“आत्ता फार ऊन आहे, अक्का,” तो म्हणाला. “आधी तुम्हांला मठात सोडतो. ऊन उतरलं की जातो वस्तीवर.”

अक्कांनी त्याच्या डोक्यावरचं उपरणं काढून घेतलं. घडी घातली. त्याच्या हातात दिली.

“ऊन उतरल्यावर तू त्यांना दिसशील कसा, विश्वंभरा?”