हलक्या धनुष्याचा जड बाण

एका राज्यात नदी होती, पण नदीत पाणी नव्हते. त्याचे कारण असे झाले. कालजंघ नावाच्या मांत्रिकाने राजा अरिमर्दनाकडे अर्धे राज्य मागितले. राजाने नकार दिला. तेव्हा मांत्रिकाने डोंगरात, नदीच्या उगमाशी, एक गवा उभा केला. गवा हत्तीएवढा, शिळेसारखा काळा. उगमाचे सगळे पाणी तो एकटा पिई. आणि शाप असा, की ज्याचा बाण गव्याच्या काळजापर्यंत पोचणार नाही, तो जागच्या जागी पाषाण होईल.

सात वर्षे गेली. राजाचे दोन पुत्र, जयकेतु आणि रणकेतु, एकापाठोपाठ एक उगमावर गेले. त्यांची धनुष्ये अशी, की चार जणांनी वाकवावी तेव्हा दोरी चढावी. दोघेही दगड होऊन तिथेच उभे राहिले.

राजाची कन्या सुवेणी. लहानपणी तापाने तिचा उजवा खांदा खचला होता. तिला फक्त हलके धनुष्य ओढवे. दरबारी त्याला कापूस पिंजायची कमान म्हणत. तरी ती रोज सकाळी शंभर बाण मारी.

एके दिवशी ती पित्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "महाराज, मी उगमावर जाते."

राजा म्हणाला, "दोन दगड झाले. मला तिसरा नको."

"विहिरींत चार महिन्यांचे पाणी उरले आहे. त्यानंतर सगळी प्रजाच जाईल."

राजाने मान खाली घातली. तिला अडवले मात्र नाही.

सुवेणी राज्यातल्या जुन्या बाणकाराकडे गेली. त्याचे नाव भानजी. त्याने तिचे धनुष्य ओढून पाहिले, दोरी सोडून आवाज ऐकला.

"बाईसाहेब, धनुष्य हलके असले की बाण जड हवा. हलका बाण झपकन जातो आणि चामड्यावरच दमतो. जड बाण सावकाश जातो, पण एकदा शिरला की थांबत नाही."

"असा बाण कुठे मिळेल?"

"काठी बोलत्या वेळूच्या बनात. टोकाचा फाळ लोहजटेच्या भट्टीत. आणि मारायची जागा धनेश पक्ष्याला ठाऊक. तिन्ही मिळाल्याशिवाय गव्याकडे पाहूही नका."

सुवेणी बोलत्या वेळूच्या बनात गेली. तिथले वेळू माणसासारखे बोलत. सोनेरी वेळू म्हणाले, "आम्हाला ने, आम्ही वाऱ्याच्या पुढे धावू." हिरवे म्हणाले, "आम्हाला ने, आम्ही तुला भार होणार नाही." एक काळपट, भरीव वेळू गप्प होता. तिने त्याला हात लावला.

तो म्हणाला, "मी जड आहे. दूरवर जाणार नाही."

"मला दूरवर मारायचेच नाही," सुवेणी म्हणाली, आणि तिने तोच तोडला.

मग ती लोहजटेच्या गुहेत गेली. लोहजटा राक्षसीण होती. केस तारांचे, श्वास भात्याचा. तिने ऐरणीवर तीन फाळ मांडले.

"एक घे. चुकीचा घेतलास तर माझी भट्टी फुंकत राहशील."

पहिला फाळ चंद्रकोरीसारखा, तळव्याएवढा रुंद. दुसरा मिटलेल्या कळीसारखा. लागला की त्याच्या पाकळ्या उघडत आणि मोठी जखम करीत. तिसरा कडुलिंबाच्या पानासारखा अरुंद, दोन धारांचा, साधा.

सुवेणी बराच वेळ पाहत राहिली. कळी फार सुंदर होती. अखेर ती म्हणाली, "चंद्रकोर आत ढकलायला भावाचा खांदा हवा. कळीच्या पाकळ्या उघडण्यातच माझा निम्मा जोर जाईल. मला पान दे."

"तुझ्या भावांनी चंद्रकोरी नेल्या," लोहजटा म्हणाली. "धार मात्र तुझी तू लाव. पाण्यावर तरंगणारा केस कापला जाईपर्यंत इथून हलू नकोस."

दोन दिवस सुवेणी दगडावर फाळ घासत बसली. तिसऱ्या दिवशी केस कापला गेला.

धनेश पक्षी उंच सावरीच्या झाडावर राही. त्याची मादी ढोलीत अंडी उबवत होती. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले, फक्त चोचीपुरती फट. दुष्काळाने आसपासच्या रानात फळ उरले नव्हते.

धनेश म्हणाला, "हिचे पोट भर, मग विचार."

सुवेणीने तीन दिवस कोसभर दूरच्या उंबराची फळे आणली आणि दुखऱ्या खांद्याने झाडावर चढून फटीतून दिली. तेव्हा धनेश बोलला.

"समोरून मारू नकोस, छातीचे हाड लोखंडाचे आहे. खांद्यावर मारू नकोस, तिथे तुझे भाऊ चुकले. वारा तोंडावर घे. वीस पावलांच्या आत जा. तो आडवा होऊन पुढचा पाय पुढे टाकील, तेव्हा पायामागे वीतभर मऊ जागा उघडेल. त्याआधी सोडू नकोस."

काठीला फाळ बसवून सुवेणी सकाळी उगमाशी पोचली. भावांचे दगड ओलांडून ती रांगत पुढे गेली. अठरा पावलांवर ती एका खडकाआड गुडघ्यावर बसली. गवा तिच्याकडे तोंड करून पाणी पीत होता. तो वळू लागला तशी तिने दोरी कानापर्यंत ओढली. पण गवा अर्ध्यावरच थबकला.

भावांची धनुष्ये अशी ताणून धरता येत नसत. ओढले की सोडावेच लागे. सुवेणीचे धनुष्य हलके. तिने धरून ठेवले. खांदा जळू लागला, डोळ्यांत पाणी आले, पण दोरी हलली नाही. गवा आडवा झाला. त्याने पुढचा पाय पाण्यात टाकला.

तिने बाण सोडला. आवाज पान गळल्याएवढाच झाला.

गवा पाणी पीतच राहिला. सुवेणीने आपल्या हाताकडे पाहिले; हात अजून मांसाचाच होता. मग गव्याने मान वर केली.

"मुली, बाण केव्हा लागला?"

"आत्ता, पाणी पिताना."

"कळले नाही," गवा म्हणाला. "सात वर्षे मांत्रिकाने मला बसू दिले नाही. आता बसावेसे वाटते."

तो दहा पावले चालला, गवतात बसला, आणि मान टेकून निजला तो उठला नाही. सुवेणीने जवळ जाऊन त्याचे डोळे मिटले.

उगमाचे पाणी काठ ओलांडून खाली धावले. जयकेतु आणि रणकेतु अंगावरची धूळ झटकत उभे राहिले. शाप उलटला आणि मांत्रिक कालजंघाच्या आसनावर मूठभर राख उरली.

"कोणी मारला?" जयकेतूने विचारले.

"मी."

"या धनुष्याने?"

"हो, यानेच."

खाली वाकून जयकेतूने तिचे धनुष्य उचलले आणि ते घेऊन तिच्या मागून चालू लागला.

तिसऱ्या दिवशी पाणी राजधानीच्या घाटाला लागले. राजा अनवाणी पायऱ्या उतरून आला. त्याने तिन्ही मुलांना हात लावून पाहिले, एकेकाला दोनदा. तिघांचेही अंग हाताला उबदार लागत होते.

त्या राज्यात पुढे पाण्याला तोटा राहिला नाही. ऐकणाऱ्याच्या दारीही न राहो.