सुतकाच्या घरी उतरणारा जिझो

मंडळी, टेकडीच्या पायथ्याशी ही ओळीनं दिसतात ती सगळी उतरायची घरं. देऊळ वर, त्या देवदारांच्या मागं. मघापासून तुम्ही मोबाईलवर खोल्यांचे फोटो बघताय आणि मला विचारताय, मावशी, देवळाजवळचं कुठलं, चांगलं कुठलं. लग्न होऊन वाईहून या परमुलखात, सुगिनो गावात आले त्याला आता उभा जन्म झाला, तरी याचं उत्तर मला देता येत नाही. घरं सगळी सारखीच. फक्त एक गोष्ट या गावात वेगळी आहे. इथं दारात पाहुण्याला कुणी काही विचारत नाही. कुठून आलात, कशासाठी आलात, घरी काय घडलंय, काहीच नाही. ‘आत या’ एवढंच म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. माझ्या सासूबाई सांगायच्या तसंच सांगते.

वरच्या देवळात जिझो आहेत. गेलेल्या तान्ह्या लेकरांना सांभाळणारा हा देव. ज्या आईचं मूल जातं ती त्यांच्या गळ्यात लाल लाळेरं बांधते, म्हणजे ते आपल्या लेकराला ओळखून पदराखाली घेतात, अशी इकडची श्रद्धा. पण त्या काळी सोयर-सुतक फार कडक पाळत. ज्याच्या घरी नुकतं कुणी गेलं असेल त्याला सुतक फिटेपर्यंत देवळाची वेस बंद. ज्या घरात तो उतरेल ते घरही विटाळायचं, मग तिथं दुसरे यात्रेकरू उतरत नसत. म्हणून प्रत्येक दारात पाहुण्याला आधी विचारत, सुतक आहे का?

पलीकडच्या खोऱ्यात तोमेझो नावाचा एक माणूस कोळशाच्या भट्ट्या लावायचा. त्याची बायको ओशिनो. त्यांचं बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. आधीची दोनही अशीच गेली होती. बाळंतपणानंतर ओशिनोला ताप भरला, तो उतरेना. सुतक फिटेपर्यंत आपण वाचत नाही हे तिला कळलं होतं, असं सांगतात. तिनं लग्नातल्या कपड्याचं लाल अस्तर फाडून लाळेरं शिवलं आणि नवऱ्याला म्हणाली, मला सुगिनोला न्या. बाळाला नावसुद्धा नव्हतं. आईनं स्वतःच्या हातानं बांधलं नाही तर जिझोंना ते कसं ओळखू येणार, ही तिची भीती.

कोळशाची पोती वाहायच्या लाकडी चौकटीवर तिला बसवून, पाठीला बांधून तोमेझो निघाला. खिंडीत दहिवर पडलं होतं. तिचा ताप त्याला स्वतःच्या पाठीवर जाणवत होता, अन् मध्येच तिचं अंग गार पडलं की तो थांबून हाक मारायचा. गावात पोचला तेव्हा दुपार कलली होती. तिला तासभर कुठंतरी टेकवावं, ऊब द्यावी, मग वर न्यावं असा त्याचा विचार.

पहिल्या दारात त्याला विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं. दार लागलं. दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या घरचा मालक मनानं वाईट नव्हता म्हणे. त्यानं खालच्या आवाजात सुचवलं, पुढच्या घरी बोलू नकोस, नाही म्हण. तोमेझोनं तसं केलं. पुढच्या दारात तो म्हणाला, बायको थकली आहे, बाकी काही नाही. तेवढ्यात पाठीवरून आवाज आला, “आमचं बाळ गेलंय.” तेही दार लागलं.

तोमेझोनं तिला रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. ती एवढंच म्हणाली, “त्याच्यासाठी आलेय, अन् तो नव्हताच असं कसं सांगू?” त्यानं तिला पुन्हा पाठीशी बांधलं. मग उरलेल्या दारांत तो जमिनीला कपाळ टेकवून विनवण्या करत गेला.

शेवटचं घर ओतामी नावाच्या विधवेचं. शरदातल्या यात्रेवर तिचं वर्ष निघायचं. तिनंही विचारलं, तोमेझोनं खरं सांगितलं, आणि ती आत निघून गेली. तो तिथंच खाली बसला. आता जायला दारच उरलं नव्हतं. थोड्या वेळानं आतले पाहुणे गाठोडी उचलून, त्याच्याकडे न बघता बाहेर पडले. घराला आता सुतक आहे, ज्याला चालत नसेल त्यानं दुसरीकडे जावं, असं ओतामीनं त्यांना सांगितलं होतं. मग ती बाहेर आली, तिनं ओशिनोला आत नेलं आणि तिचे पाय कोमट पाण्यात घेतले.

पण वर चढण्याची ताकद ओशिनोत उरली नव्हती. लाळेरं घेऊन तोमेझो एकटाच वर गेला. वेशीपाशी रेन्काई नावाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं त्याला अडवलं. सुतकाची वस्तू आत घेता येत नाही, आणि आईच्या हाताशिवाय बांधताही येत नाही, असं तो म्हणाला. तोमेझोला रडूही आलं नाही, असं सांगतात. तो म्हणाला, “ती वर येऊ शकत नाही अन् देव खाली येत नाही. महाराज, मग मी कुठं जाऊ?”

पुजारी वळून आत गेला. संपलं सगळं, असं समजून तोमेझो पायऱ्या उतरू लागला. निम्म्यावर आला असेल, तोच मागून पावलं वाजली. अंगावरचं वस्त्र काढून त्यात जिझोंची लाकडी मूर्ती गुंडाळून, पाठीशी बांधून रेन्काई येत होता. थंडीनं त्याचे दात वाजत होते. दारादारांत लोक उभे राहिले. मूर्ती विटाळेल, कुणीतरी म्हणालं. तो थांबला नाही.

मूर्ती अंथरुणाशी ठेवली. ओशिनोची बोटं वळत नव्हती, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. तोमेझोनं मदतीला हात पुढं केला, तर ओतामीनं तो धरून ठेवला. अखेर गाठ बसली. ओशिनोनं मूर्तीच्या पायांवर हात ठेवला. दिवे लागायच्या सुमारास तो हात तसाच राहिला.

आता मूर्ती मयताच्या घरात होती. ती वर नेता येईना, अन् यात्रा तर ऐन भरात. दुसऱ्या दिवशी दर्शनाला गाव आणि यात्रेकरू त्याच घरात आले. ज्यांनी दारं लावली होती तेही आले. सगळ्यांनाच विटाळ लागला. मग कोण कुणाला विचारणार?

आजही इथं तो प्रश्न कुणी विचारत नाही. आणि दर शरदात जिझो टेकडी उतरून एक रात्र गावात मुक्कामाला येतात. त्या वर्षी ज्या घरचं मूल गेलं असेल, त्याच घरी.

आज ते आमच्याकडे येणार आहेत. माझ्या सुनेची तान्ही मुलगी श्रावणात गेली. तुम्ही कुठल्याही घरी उतरा, आमच्याकडेही जागा आहे. सून तेव्हापासून खोलीबाहेर आली नव्हती. सकाळी मी पाहिलं, ती पुढचं अंगण झाडत होती.