घोडीचा कौल

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, जत्रेसाठी पंचक्रोशीत गाजलेलं. त्या गावात एक म्हातारा मोतद्दार राहत होता. मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. सगळा जन्म त्याने घोड्यांना खरारा करण्यात आणि त्यांचे तोबरे भरण्यात घालवला होता, आणि आता स्वतःचा म्हणावा असा एकही घोडा त्याच्याकडे नव्हता.

जत्रेच्या दिवशी तिथे उड्यांच्या शर्यती होत. नुसतं पळणं नव्हे. बाभळीच्या काट्यांची कुंपणं, दगडी बांध, मध्ये एक वाहता ओढा, असे सात अडथळे ओलांडून जो घोडा देवळाच्या कमानीत आधी शिरेल तो जिंकला. दिवसभरात अशा पाच शर्यती, आणि प्रत्येक शर्यतीवर लोक पैजा लावत. कुणी पायलीभर ज्वारी लावी, कुणी कोंबडा, कुणी डोक्यावरचं पागोटं. एका हौशी गवळ्याने तर एकदा आपल्या मिशा लावल्या होत्या, आणि पुढचे तीन महिने तो तोंडावर उपरणं धरून दूध घालत होता.

पैज कुठल्या घोड्यावर लावायची हे मात्र कुणी आपल्या मनाने ठरवत नसे. सकाळी देवळासमोरच्या चौथऱ्यावर म्हातारा बसे. एकेक घोडा त्याच्यासमोर आणत. तो नाकपुडीखाली तळहात धरी, छातीवर हात फिरवी, पोटाखालून चाचपे, चारही पाय दाबून बघे आणि एकच शब्द बोले. 'पळेल' म्हणाला की लोक पैजा लावायला धावत. 'अडेल' म्हणाला की घोडा पळायचा, पण त्याच्यावर कोंबडीचं पीसही कुणी लावत नसे.

तिसरा शब्द होता 'पडेल'. तो तोंडातून गेला की त्या घोड्याला शर्यतीत उतरू देत नसत, आणि मालकाला तो परतही नेता येत नसे. पडणारा घोडा पागेत नेला तर घर बसतं, अशी त्या मुलखाची समजूत होती. तो देवाच्या दारात सोडायचा आणि ज्याला हवा त्याने न्यायचा. तीस वर्षांत म्हाताऱ्याने हा शब्द दोनदाच उच्चारला होता, आणि दोन्ही वेळी घोड्याचा पाय खरोखरच मोडायला आला होता.

त्याचा कौल सहसा चुकत नसे. कुणी गुपित विचारलं तर तो म्हणे, "त्यात जादू कसली आलीय? तुमी पैजंकडं बघता, मी घोड्याकडं बघतो. एवढंच."

पण चौथऱ्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं अर्धं मन भलतीकडेच असे. घाटातून उतरणाऱ्या वाटेवर.

नऊ वर्षांपूर्वी गावच्या पाटलाच्या पागेत एक तांबूस शिंगरू जन्मलं होतं. त्याची आई त्याच दिवशी गेली. म्हाताऱ्याने त्या पोरक्या जिवाला शेळीच्या दुधावर वाढवलं, थंडीत आपल्या घोंगडीत घेतलं, पहिली उडी मारायला शिकवली. पाटलाने घोडीला मोठं भारदस्त नाव ठेवलं होतं. म्हातारा तिला नुसतं 'बाय' म्हणे. ती चार वर्षांची झाली तेव्हा पाटलाने लेकीच्या लग्नात जावयाला दिली. जावई घाटावरचा इनामदार. वरातीबरोबर घोडीही गेली.

जनावरच ते, असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या तळहाताला रोज पहाटे एका ओल्या नाकाची सवय असते, त्याची समजूत कोण घालणार? म्हाताऱ्याला पहाटे जाग येई तेव्हा तो हात अंथरुणाबाहेर पसरलेला असे. दुसऱ्यांच्या घोड्यांना खाजवताना त्याचे डोळे भरून येत आणि तो धुळीला नावं ठेवी.

त्याची म्हातारी चेष्टा करी. "मी म्हायेरी गेले तर चार दिस कसं ग्वाड झोपता. घोडी गेली तर पाच वरसं डोळ्याला डोळा न्हाई."

"तू परत येतीस की," म्हातारा म्हणे.

यावर ती चुलीकडे वळे. तिलाही घोडीची आठवण येत होती, पण एका घरात दोघांनी रडून भागत नाही.

त्या वर्षी जत्रेत सकाळपासून कौल नेहमीसारखे चालले होते. "हा करडा पळेल. वढ्याकाठची माती वली हाय, हलक्या अंगाचाच निभावंल." "ह्यो अडेल. काट्याच्या कुपाटीला बुजतोय, डोळं बघा त्याचं." पैजा लागत होत्या, गवळी दोन कोंबडे काखेत मारून फिरत होता. शेवटच्या शर्यतीचे घोडे पुढे आले आणि म्हाताऱ्याने मान वर केली. समोर त्याची बाय उभी होती.

ती अंगाने भरली होती, उंच झाली होती. तिचा लगाम खुद्द इनामदाराने धरला होता. म्हातारा चौथऱ्यावरून कसा उतरला ते त्याचं त्याला कळलं नाही. त्याने तळहात पुढे केला. तिने हुंगला. मग मान झटकून वर केली आणि इतक्या मोठ्याने खिंकाळली की देवळावरची कबुतरं उडाली.

ओळखलं हिनं, तो मनात म्हणाला. पाच वर्षांनी ओळखलं. त्याने छातीवर हात ठेवला, आतले ठोके अगदी संथ लागले. पाय दाबून पाहिले तर लोखंड. आज ही धावली तर बाकीच्यांनी नुसती धूळ खावी, हे त्याला लखलखीत कळलं. घोडी मात्र जागेवर ठरेना. ती टापा आपटत होती, दोर ओढत होती, पुन्हापुन्हा खिंकाळत होती. हिलाबी यायचंय, म्हाताऱ्याला वाटलं. मी हिच्यासाठी झुरलो तशी हीबी झुरली असणार. घरी यायला वाट शोधतीय, आणि ती वाट माझ्या जिभेवर आहे.

"पडेल," तो म्हणाला.

इनामदाराचा चेहरा उतरला. "आजोबा, नीट बघा. ही आजवर एकदाही अडखळली नाही."

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. पंचांपैकी एक जण म्हणाला, "सरकार, कौल दिला तो दिला." इनामदाराने घोडीच्या मानेवर हात ठेवला, पण रीत ती रीत. तो मागे न बघता निघून गेला.

शेवटच्या शर्यतीत म्हाताऱ्याने ज्याला 'पळेल' म्हटलं होतं तो अबलख घोडा जिंकला. गवळ्याचे दोन कोंबड्यांचे चार झाले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची नजर म्हणजे नजर. तीस वर्षांतलं पहिलं खोटं असं सहज खपून गेलं, आणि ते इतकं सहज खपलं याचीच म्हाताऱ्याला भीती वाटली. पण हातात दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बाय होती. त्याने भीती झटकली.

घरी म्हातारीने घोडीला पाहिलं. मग तिचे पाय पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हिला पडंल म्हनलासा?"

म्हातारा गव्हाणीत गवत टाकत राहिला. म्हातारीने पदर खोचला. ती पाण्याची बादली घेऊन आली.

घोडीने गवताला तोंड लावलं नाही. नवी जागा आहे, म्हातारा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने हरभरे भिजवले, गूळ आणला, तिच्या लहानपणच्या गोष्टी तिला ऐकवल्या. ती त्याच्या अंगावरून घाटाकडे बघत होती आणि खिंकाळून खिंकाळून तिचा घसा बसला होता. तो तिच्या गळ्याला बिलगला, तेव्हा ती त्याला ढकलून गव्हाणीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खरारा करताना त्याचा हात तिच्या पोटाखाली गेला आणि ओला झाला. त्याने हात बाहेर काढून पाहिला. दूध होतं.

जत्रेच्या सकाळी त्याने तिचा श्वास पाहिला होता, छाती पाहिली होती, पाय पाहिले होते. तीस वर्षांत एकाही घोड्याच्या पोटाखाली हात घालायचा तो विसरला नव्हता, आणि नेमकं हिच्या वेळी तेवढीच एक गोष्ट राहिली. ती खिंकाळत होती ते त्याला बघून नव्हतंच.

"पान्हा फुटलाय," तो म्हातारीला म्हणाला. "घाटावर शिंगरू हाय तिचं. नुकतंच आईपासनं तोडलेलं."

म्हातारी नवऱ्याच्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, "जनावर हाय. म्हयन्याभरात इसरंल."

"पाच वरसं झाली," म्हातारा म्हणाला. "मी इसरलो?"

आता प्रश्न असा होता की 'पडेल' ठरलेली घोडी कुठलाही मालक दारात घेणार नाही. तिला परत पाठवायचं तर आधी तो शब्द मागे घ्यायला हवा, त्याच चौथऱ्यावर, पंचांसमोर. आणि ज्याने कौल मागे घेतला तो पुन्हा त्या चौथऱ्यावर चढत नाही. म्हाताऱ्याकडे शेत नव्हतं, गुरं नव्हती. गावात त्याला मान होता तो त्या एका शब्दापुरता. त्याने हे सगळं म्हातारीला सांगितलं.

"तुमास्नी ठावं हाय काय करायचं ते," ती म्हणाली. "मला इचारून उगा येळ काढू नका. तिला दुखतंय."

म्हाताऱ्याने पंचांना बोलावलं. चौथऱ्यावर चढून त्याने सांगितलं की घोडी धडधाकट आहे, ती पडली नसती, मी खोटं बोललो.

थोरल्या पंचाने कपाळाला हात लावला. "आबा, कुनाला कळलं नसतं."

"घोडीला कळलं," म्हातारा म्हणाला.

मग लोक बोलायला लागले. गवळी म्हणाला, माझ्या मिशा गेल्या त्या वर्षीचा कौलही असलाच असणार. दुसरा म्हणाला, तीस वर्षं आम्हाला खेळवलं. तसं काही नव्हतं, पण आता म्हाताऱ्याचं कोण ऐकणार? तो चौथऱ्यावरून उतरला आणि घोडी घेऊन घाटाला लागला. सगळा घाट तो पायी चढला. तिच्या पाठीवर बसायचा आपल्याला आता हक्क नाही, असं त्याला वाटलं.

इनामदाराची पागा दिसली तशी घोडीने हिसडा देऊन दोरातून मान सोडवली. मध्ये पुरुषभर उंचीचा बांध होता. तो तिने असा ओलांडला की म्हाताऱ्याच्या तोंडून "वा" निघून गेलं. आतून एक बारीक खिंकाळी आली. तो बांधापाशी पोचला तेव्हा शिंगरू तिच्या पोटाखाली डोकं खुपसून उभं होतं, आणि ती डोळे मिटून होती. म्हातारा बघत राहिला. त्याला बरंही वाटत होतं आणि सोसवतही नव्हतं.

इनामदार बाहेर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो रागावेल, आसूड उचलेल, असं म्हाताऱ्याला वाटलं होतं. पण तो शिंगराकडे बघत म्हणाला, "आजोबा, तुम्ही हिला वाढवलंत हे माझ्या बायकोने मला लग्नातच सांगितलं होतं. एकदा येऊन म्हणाला असता, मला हिला बघू द्या, तर मी पागेत तुमचं अंथरूण घातलं असतं. पाच वर्षं वाट बघितलीत आणि घाट चढून मागायला आला नाहीत."

घोडी इनामदाराच्या घरची, आपण गरीब माणूस, असं काहीतरी म्हाताऱ्याच्या मनात होतं. आता ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"आता मात्र येऊ नका," इनामदार म्हणाला. "तुमच्या हाताखाली माझं जनावर उभं करायला मी धजणार नाही."

"बरोबर हाय, सरकार," म्हातारा म्हणाला. त्याने हातात राहिलेला दोर बांधावर ठेवला आणि तो घाट उतरू लागला.

पुढच्या वर्षी जत्रा भरली. चौथऱ्यावर दुसराच कुणी बसला होता, आणि त्याचे निम्मे कौल चुकत होते. म्हातारा गर्दीत मागे, म्हातारीच्या शेजारी उभा होता. शेवटच्या शर्यतीला बाय आली. शेजारच्या एका परगावच्या पाहुण्याने त्याचे घोड्याच्या केसांनी भरलेले कपडे पाहिले आणि विचारलं, "बाबा, तुमी जाणते दिसता. ह्या तांबड्या घोडीवर लावू का?"

म्हातारा तिच्याकडे डोळे भरून बघत होता.

"मला इचारू नगंस, बाबा," तो म्हणाला. "त्या घोडीकडं बघितलं की मला जे हवं असतं तेच दिसतं."

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्या मनात काय आहे ते त्याच्याकडेच बघून ओळखावं, आपल्या ओढीला विचारलं तर ती नेहमी आपल्याच बाजूने कौल देते.