भिंगरीची शपथ

एका गावात हौसा नावाची एक बाई राहत होती. एके दिवशी भर दुपारी तिच्या उंबऱ्याजवळची कळशी भरलेलीच दिसली आणि ती घाबरली.

भरल्या कळशीला घाबरायचं काय, असं कुणीही म्हणेल. पण हौसाच्या घरात ती रोज सांडायची. सहा वर्षांची केशर आत-बाहेर करताना हटकून तिला धडकायची. केशर चालत नसे, पळत असे. एक घास ताटाशी, दुसरा अंगणात. झोपेतसुद्धा तिचे पाय थांबत नसत. सगळं गाव तिला भिंगरी म्हणे.

आज कळशी जागच्या जागी होती. घर चिडीचूप होतं.

सकाळी घडलं ते असं. हौसाचा नवरा परगावी गेला होता आणि दारात कडब्याच्या गाड्या येऊन लागल्या होत्या. जनावरांचा वर्षाचा चारा उतरवून घ्यायचा होता. तेवढ्यात केशर बैलाच्या पोटाखालून आरपार पळाली. हौसा किंचाळली. बैल बुजला. चाक केशरच्या टाचेला घासून गेलं.

शेजारची सगुणा कुंपणावरून म्हणाली, "हौसा, पोर आहे की वारा प्यालेलं वासरू? दावं लाव गं तिला!"

गाडीवाले खो खो हसले.

हौसा अजून धसक्यातून सावरली नव्हती. त्यात ते हसू झोंबलं. तिने केशरला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. तिथे भिंत आणि कडब्याची जुनी गंजी यांच्यामध्ये एक सांदट होती. तिथे तिला बसवलं आणि तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला.

"घे माझ्या गळ्याची शपथ. मी सोडवेपर्यंत इथून हललीस, तोंडातून एक शब्द काढलास, तर तुझी आई मेली म्हणून समज."

केशरचे डोळे एवढाले झाले. "खरंच मरशील?"

"खरंच."

हौसा चुलीकडे वळली. गाडीवाल्यांच्या भाकऱ्या, कोरड्यास, पाणी. त्या धांदलीत सकाळ कुठे गेली ते तिला कळलंच नाही. मग ती कळशी दिसली.

"केशे! ए केशे!"

ओ आली नाही. हौसा गोठ्यामागे धावली. सांदट दिसेना! तिच्या जागी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, डोक्याच्याही वर.

"सटवाजीदादा, इथे माझी पोर बसली होती!"

सटवाजी गाडीवान हात धुता धुता म्हणाला, "आम्हाला तर कुणी दिसलं नाही, वहिनी. डोक्यावर पेंढ्यांचा भारा, बघतोय कोण? आणि भिंगरी एवढा वेळ बसून राहील होय?"

हौसाला ते पटलं. बसली असेल घटकाभर आणि गेली असेल उधळून. आपल्या लेकीला आपण ओळखत नाही का?

मग गाव शोधायला निघालं. भिंगरी जिथे जिथे सापडायची, तिथे तिथे लोक गेले. चिंचेवर पाहिलं, देवळाच्या छपरावर पाहिलं, ओढ्याकाठी पाहिलं. हौसा हाका मारत फिरली. घसा बसला. ऊन कलायला लागलं.

शेवटी कुणीतरी हळूच विहिरीचं नाव काढलं.

विहिरीत गळ टाकला. खाली लाल काहीतरी अडकलं. केशरचा परकर लालच होता. हौसा काठावरच बसली. गळ वर आला. कुणाचं तरी कुजलेलं लाल फडकं होतं ते.

भागूआत्या गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. ती हौसाजवळ टेकली. "पोरीशी शेवटचं काय बोललीस गं?"

हौसाने आजूबाजूला पाहिलं. भोवती सगळं गाव उभं होतं.

"बोल की! लाजायची वेळ आहे का ही?"

"शपथ घातली, आत्या. हललीस, बोललीस, तर तुझी आई मेली म्हणून."

सगुणाने तोंडाला पदर लावला.

"आणि सोडवलीस कधी?"

"ती कसली पाळतेय आत्या! खाऊवरच्या शपथा दिवसाला चार मोडते."

"खाऊवरच्या मोडत असेल," भागूआत्या म्हणाली. "तुझ्या जिवावरची मोडेल होय?"

हौसा उठली ती चपला तिथेच टाकून. एवढा वेळ तिने जगभर हाका मारल्या होत्या. जिथे पोरीला बसवलं, तिथे मात्र एकही नाही. ती कडब्यावर तुटून पडली. ज्वारीच्या वाळल्या ताटांनी हात फाटले. मागून सटवाजी आला, माणसं आली. पेंढ्यांवर पेंढ्या बाहेर पडू लागल्या. आतून धूळ आली, भट्टीसारखी गरम वाफ आली. आवाज मात्र येईना.

"केशर! सुटली गं! शपथ सुटली!"

काही नाही.

"सुटली, बाळा! आईने सोडवली! ओ दे गं!"

सटवाजीने हातातली पेंढी तशीच धरून कान दिला. सगळे थांबले.

कडब्याच्या पोटातून, कोरड्या पडलेल्या घशातून एक आवाज आला.

"ओ. आई, मी हलले नाही. पण मला एकदा शिंक आली. तू मेली नाहीस ना?"

तात्पर्य: चळवळ्या मुलाला धाक घालून गप्प बसवता येतं, पण धाकाने गप्प बसलेलं मूल जीव धोक्यात असतानाही आईच्या हाकेला ओ देत नाही, म्हणून मुलाला जपावं ते त्याच्याजवळ राहून, त्याच्या प्रेमाला वेसण घालून नव्हे.