भैरूची अदलाबदल

आमच्या कबड्डी संघाचे अध्यक्ष जयवंतराव पारावर गरजले, “आजवरच्या गुणांत आपल्या खेळाडूंमध्ये भैरू सगळ्यात खाली! त्याला सोनवडीच्या संघाला देऊ आणि त्यांचा सर्जा घेऊ. दर सामन्यात चढाया करून पंधरा गुण आणतो गडी!”

भैरूनं मान खाली घातली. तेवढ्यात गणूअण्णा न्हावी म्हणाले, “अध्यक्ष, आपल्याविरुद्ध सर्जानं किती आणले?”

“दोन.”

“एवढेच?”

“भैरू पाय धरतो ना त्याचा!”

“मग उद्या सर्जा आपल्याकडून सोनवडीवर चढाईला गेला, की तिथं त्याचा पाय कोण धरणार?”

सगळा पार हसला. जयवंतरावांनी अदलाबदलीचा कागद फाडला. भैरूला आम्ही खांद्यावरून घरी नेलं.