खुर्चीचा ताठा

कर्णवाडी संस्थानात वामन टिपणीस हा तरुण इंजिनियर आला आणि दिवाण आबासाहेबांना अन्न गोड लागेना. कालपर्यंत महाराज ज्या गोष्टी आपल्याला विचारत, त्या आता त्याला विचारतात, हे त्यांना फार सलत होतं.

एकदा महाराज कुरकुरले, "या नव्या खुर्चीत बसलं की मी फारच खाली जातो."

दिवाणांनी संधी साधली. "टिपणीस आहेत ना! उद्या दरबारात खुर्ची निम्मीच दबली पाहिजे. मात्र नवी स्प्रिंग आणायची नाही. जमलं नाही, तर त्यांनी नोकरी सोडावी."

वामनने गादीखालच्या सगळ्या स्प्रिंगा मधोमध कापल्या. एकेक अर्धी स्प्रिंग लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्याने गादी पुन्हा पहिल्या उंचीवर बसवली.

दुसऱ्या दिवशी महाराज बसले, तर खुर्ची खरोखरच निम्मी दबली. दिवाणांचा जळफळाट झाला.

"ही लबाडी आहे! कापलेली स्प्रिंग उलट लेचीपेची व्हायला हवी!"

"नाही, दिवाणसाहेब," वामन नम्रपणे म्हणाला. "वजनाखाली प्रत्येक वेढा थोडा थोडा दबतो. वेढेच निम्मे राहिले, की दबणंही निम्मं. स्प्रिंगचं असंच असतं. तिची जागा कमी झाली, की तिचा ताठा वाढतो."

महाराजांनी आधी दिवाणांकडे पाहिलं आणि मग ते खो खो हसू लागले. दरबारही हसला.

बोलणं कुणाबद्दल होतं, ते दिवाणांना कळलं. पण चिडून उत्तर द्यावं, तर ताठाच दिसणार. तेव्हा आबासाहेबांनीही, दातओठ न खाता, हसून दाखवलं.