शेवटच्या थडग्यात कोण?

“पण ‘माहीत नाही’ असं का म्हणायचं नाही, उस्ताद?”

“गाइडनं पाहुण्यापुढे म्हणायचं नसतं.”

“का?”

“हेही विचारायचं नसतं.” म्हाताऱ्या बेक्ताश उस्तादांनी चहात साखर ढवळली, ती विरघळल्यावरही ढवळतच राहिले.

तुर्कस्तानातल्या अमास्या गावात, येशिल नदीच्या काठी, निलुफर वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकत होती. नदीवर झुकलेली लाकडी घरं, वेड्यांना गाणी ऐकवणारं जुनं इस्पितळ, सगळं तिला तोंडपाठ होतं. आज परीक्षा होती. उतरली तर गाइडांचा लाल कमरपट्टा. नाही तर आणखी वर्षभर पाहुण्यांच्या पिशव्या उचलायच्या.

“कॉलेजात मी इतिहास शिकले, उस्ताद. थापा नाही.”

“म्हणजे बरंच शिकायचं राहिलंय.”

तिला हसू आलं नाही.

गावामागच्या कड्यात राजांची थडगी कोरलेली आहेत. शेवटच्या थडग्यावर एक अक्षरही नाही. आपल्या गोष्टीत गावातले जुने गाइड रफीक एफेंदी तिथं शूर राजा झोपवत, दुसरे एक गाइड विष पाजलेला युवराज. उस्तादांच्या गोष्टीत मात्र तिथं राजकन्या होती, विरहानं झुरून गेलेली. ती गोष्ट सांगताना ते आवाज अगदी खाली आणत.

मागच्या वसंतात एका म्हाताऱ्या पाहुणीनं ती गोष्ट ऐकली. रडली. बोटातली लग्नाची अंगठी काढून थडग्याच्या अंधारात ठेवली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून उस्तादांचे गुडघे दुखू लागले. शेवटच्या थडग्यापर्यंत ते येईनातच.

आज मात्र आले. काठी टेकत, धापा टाकत, रफीक एफेंदी धरून तिन्ही परीक्षकांच्या मागून.

निलुफरनं वाटेत कुठंही चूक केली नाही. रफीक एफेंदीसुद्धा मान डोलवू लागले. मग सगळे शेवटच्या थडग्यापाशी थांबले.

उस्ताद पुढे झाले. पाहुण्यासारखी टोपी काढली.

“बाई, इथं कोण झोपलंय?”

तिनं थडग्याच्या अंधारात वाकून पाहिलं.

“राजा म्हण, पोरी, राजा!” रफीक एफेंदी कुजबुजले.

“युवराज,” दुसरे परीक्षक म्हणाले.

“आत नक्की किती जण दाटीवाटीनं झोपलेत, एफेंदी?” निलुफरनं विचारलं.

“जीभ आवर! वर्षाची मेहनत पाण्यात घालशील. एक नाव तर घ्यायचंय. कुणाचं काय जातंय?”

“अंगठी गेली एकीची.”

उस्तादांची काठी दगडावर टकटकली.

निलुफरनं कमरेवर हात ठेवले. कमर रिकामीच होती.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “इथं कोण आहे, मला माहीत नाही. नाव मी घेणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही.”

रफीक एफेंदींनी कपाळावर हात मारला. खाली नदी वाहत होती.

बेक्ताश उस्ताद मटकन पायरीवर बसले, डोक्यावरचा भारा उतरवून ठेवावा तसे. त्यांनी मोठा श्वास सोडला. मग स्वतःचा कमरपट्टा सोडला. चाळीस वर्षांच्या घड्या पडलेला, कडा विटलेला. तिला जवळ बोलावून त्यांनी तो तिच्या कमरेला बांधला. गाठ घट्ट बसली.

मग काठी तिच्या हातात देऊन ते उठले. गुडघे धरले नाहीत.

“चल, पोरी. मला गाव दाखव. मी इथं पहिल्यांदाच आलोय.”